स्वल्प संशय

मला घर भाड्याने देण्याआधी अण्णांनी माझ्या ओळखीच्या तीन माणसांचे फोन नंबर मागून घेतले. तिघांनाही फोन केले आणि प्रत्येकाला एवढंच विचारलं, की उरलेले दोघे खरोखरच आहेत ना? माझ्याबद्दल एक अक्षर नाही. माझी ऑफिसातली मैत्रीण मला म्हणाली, "अगं, हे घरमालक आहेत की सीआयडी?" मला जागेची घाई होती, म्हणून मी हसून सोडून दिलं. पण त्यांच्यावरचा माझा संशय त्याच दिवशी सुरू झाला. जो माणूस सगळ्या जगावर संशय घेतो, त्याचं स्वतःचंच कुठंतरी पाणी मुरत असणार, असं आम्हा पुणेकरांचं साधं गणित असतं.

बेंगळुरूच्या जे. पी. नगरातलं ते घर दुमजली होतं. वर मी, खाली अण्णा एकटे. पंचाहत्तरीला टेकलेले, उंच, वाळलेले, कायम अर्ध्या बाह्यांच्या खाकी शर्टात. शर्टाच्या एका खिशात भिंग आणि दुसऱ्यात बोटभर लांबीची कानस. मूळचे बेळगावकडचे. चाळीसएक वर्षांपूर्वी बेंगळुरूला आले आणि एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तपासून पास की नापास ते ठरवण्याच्या कामाला लागले. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. दूध आलं की त्यात दुधाचं मापक बुडवायचे. टँकरवाल्याने "टाकी भरली" म्हटलं की काठी टाकीत घालून ओल कुठवर आली ते बघायचे, आणि मग काठी टँकरवाल्याच्या नाकापुढे धरायचे. गल्लीतले सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. एक म्हणजे, "स्वल्प संशय आहे." स्वल्प म्हणजे कन्नडात थोडा. पण अण्णांचा थोडा संशय कधी थोडा नसायचा. दुसरं वाक्य नवीन, चकचकीत, हसऱ्या अशा कुठल्याही गोष्टीला उद्देशून असे: "इतकं चमकायला काय झालंय ह्याला?" हे ते नव्या स्टीलच्या नळाबद्दल म्हणाले, निवडणुकीच्या पोस्टरवरच्या चेहऱ्याबद्दल म्हणाले आणि एकदा मला सोडायला आलेल्या माझ्या बॉसच्या बुटांबद्दलही म्हणाले. बॉसच्या बाबतीत ते बरोबर निघाले, पण ती गोष्ट वेगळी.

राहायला गेल्यावर महिन्याभराने मला कळलं, की अण्णांची होडी आहे. निदान ते तसं म्हणत होते. आता बेंगळुरूपासून समुद्र एका रात्रीच्या बसप्रवासावर. पावसाळ्यात तुंबणाऱ्या महादेवपुऱ्यात होडी लागते हे खरं, पण जे. पी. नगरात कशाला? खाली जिन्याशेजारची खोली तीन कुलपांत बंद असायची. आतून कानस चालवल्याचा आवाज यायचा, कधी मेण वितळल्याचा वास, कधी ओल्या घोंगडीचा. एकदा दार अर्धवट उघडं होतं आणि मला आत एका लोखंडी पेटीत हिरवट-तपकिरी धातूचे चित्रविचित्र तुकडे दिसले. मला देवळातून चोरीला जाणाऱ्या मूर्ती आठवल्या. त्या संध्याकाळी मी आईला फोन करून सांगितलं, की मला काही झालं तर पोलिसांना आधी त्या खोलीचं सांग. आई म्हणाली, "तू आधी वेळेवर जेवत जा."

त्या खोलीत मला प्रवेश मिळाला तो विश्वासामुळे नव्हे, गरजेमुळे. एका शनिवारी खालून हाक आली, "ओ पुणेकर बाई, हात रिकामा आहे काय?" एक पेच अडकला होता आणि दुसरं टोक धरायला माणूस हवं होतं. मी पान्याने टोक धरलं, त्यांनी पिळलं, पेच सुटला. मग मला उभं राहू देणं त्यांना भाग पडलं, कारण माझे हात तेलाने माखले होते आणि साबण त्यांच्याकडे होता.

ते सगळं खरोखरच होडीचं सामान होतं. सागवानी, शिडाची, साठ-सत्तर वर्षं जुनी होडी. अण्णांनी आणि त्यांच्या कारवारच्या दोस्ताने तरुणपणी दोघांत मिळून घेतलेली. होडी कारवारला किनाऱ्यावर ताडपत्रीखाली उभी होती आणि तिच्या अंगावरचा ब्राँझचा प्रत्येक तुकडा इथे, समुद्रापासून इतक्या लांब, त्या पेटीत होता. दोर अडकवायचे खुंट, कड्या, बिजागऱ्या, दोर ओढायची चाकं, शेकडो स्क्रू. प्रत्येक तुकडा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला आणि फडक्यावर शाईने तो होडीत कुठे बसतो ते लिहिलेलं. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात गेलेला त्यांना चालत नसे. "माणसं पण अशी अदलाबदल करून बसत नाहीत," ते म्हणायचे.

मला वाटायचं, धातूची निगा राखायची म्हणजे घासून लखलखीत करायचं. आमच्याकडे दिवाळीच्या आधी देवाची भांडी चिंचेने घासून काढतात, तसं. अण्णांना हे ऐकून घामच फुटला. ब्राँझवर वर्षानुवर्षं जो तपकिरी-हिरवा थर चढतो, तोच त्याला समुद्रापासून सांभाळतो. तो काढायचा नाही. साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने खाच न् खाच धुवायची, मीठ निघून जाईस्तोवर गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं, सावलीत वाळवायचं, मग जरा ऊब देऊन मेण लावायचं आणि सुती बनियनने पुसून घ्यायचं. पेचांच्या आट्यांना मेंढीच्या लोकरीतून निघणारं चिकट तेल. घोंगडीचा वास यायचा तो त्याचा. नवीन ओतीव तुकडा असला तर आधी कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक. मशिनचा बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकाची झिलई, मात्र कधीच नाही. "बफ मारला की तुकडा खोटं बोलायला लागतोय. तडा असला तरी दाखवत नाही. मळका राहू दे, पण दिसू दे."

माझी आई राहायला आली तेव्हा तिने हौसेने खाली जाऊन त्यांना आपली अन्नपूर्णा दाखवली. तिच्या लग्नातली, पंचधातूची. अण्णांनी ती हातात घेतली, उलटी केली, खिशातून कानस काढली, आणि आई "अहो" म्हणेपर्यंत बुडाला एक बारीक रेघ ओढून भिंगाने पाहिलीही.

"पंचधातू म्हणालात ना?"

"हो."

"दोनच आहेत. तीन दुकानदाराकडंच राहिले."

तांबं आणि जस्त, म्हणजे साधं पितळ. आई तशीच वर आली. दोन दिवस ती त्यांच्याबद्दल बोलत होती, आणि तिसऱ्या दिवशी आजोबांनी ती अन्नपूर्णा घेतली त्या दुकानदाराबद्दल. इतक्या वर्षांनी त्याचं पितळ उघडं पडलं, पण तो ते ऐकायला हयात नव्हता. मी अण्णांना म्हटलं, देवाची तरी परीक्षा घ्यायची नव्हती. ते म्हणाले, "देवाची घेतली नाही. धातूची घेतली."

मला राग आला होता, पण त्या रागात थोडी भीतीही होती. अशा माणसाच्या घरात राहायचं म्हणजे आपल्यालाही कधीतरी उलटं करून बुडाला रेघ ओढतील असं वाटत राहतं.

हा संशयाचा आजार त्यांना जन्मापासूनचा नव्हता. ते मला त्यांच्या दोस्ताकडून कळलं. कारवारकर म्हणायचे अण्णा त्यांना, तेच नाव माझ्याही तोंडात बसलं. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा आणि अण्णा तो स्पीकरवर ठेवून काम करत बसायचे.

"यंदा येतोस काय?"

"बघू."

"बघू म्हणजे काय रे? बारा वर्षं बघतोयस."

"डाव्या तुकड्यात स्वल्प संशय आहे."

एका रविवारी अण्णा दूध आणायला गेले होते, मी खोलीत स्क्रू पुसत होते आणि फोन वाजला. मी घेतला. कारवारकरांनी आधी माझी चौकशी केली, मग आवाज खाली आणून विचारलं, "बाई, खरं सांगा. पेटीत सामान आहे ना? भंगारात विकलं नाही ना त्याने?"

मला हसूच आलं. म्हणजे ह्या माणसावर मी एकटीच संशय घेत नव्हते तर! मी सांगितलं, सगळं आहे, माझ्या हातातच आहे. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

होडीच्या डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारा असतात. त्या ताणून धरायला खाली एकेक पेचाचा तुकडा असतो, टर्नबकल. तारांच्या जोरावर डोलकाठी उभी राहते आणि तारा उभ्या त्या तुकड्यांच्या जोरावर. बारा वर्षांपूर्वी, शांत समुद्रात, भर दुपारी डावीकडचा तुकडा मोडला आणि डोलकाठी कारवारकरांच्या खांद्यावर आली. हाड मोडलं. ते जुळलं, कारवारकर सहा महिन्यांत हसायला लागले. मोडलेला तुकडा आतून पेरूसारखा लालसर निघाला. ब्राँझ म्हणून घेतलेला, ब्राँझ असा शिक्काही असलेला, पण त्यात जस्त होतं. समुद्राने ते जस्त खाऊन टाकलं आणि मागे नुसता भुसा राहिला. तो तुकडा दुकानातून अण्णांनी आणला होता. अण्णांनीच तो पास केला होता. आयुष्यभर हजारो भाग पास-नापास केलेल्या माणसाने.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अण्णांनी त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला सुरुवात केली. होडीवरचं सगळं सामान उतरवून बेंगळुरूला आणलं. डावा तुकडा नव्याने, इथल्याच एका ओतशाळेत समोर उभं राहून ओतून घेतला. आणि दर वर्षी उन्हाळ्यात तो तीन-साडेतीन महिने कारवारहून मागवलेल्या समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, बाहेर काढायचा, भिंगाने लाल ठिपका शोधायचा आणि म्हणायचं, स्वल्प संशय आहे. की आणखी एक वर्ष गेलं.

"मी इकडे रोज संध्याकाळी होडीवर पाणी मारतो," कारवारकर म्हणाले. "लाकूड सुकलं की फटी पडतात. पण बाई, आता माझ्याच डोळ्यांना फट पडली आहे. काचबिंदू. नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं गेलं. डॉक्टर म्हणतो, पुढच्या वर्षीचं सांगत नाही. डोळे आहेत तोवर एकदा सुकाणू धरायचंय. मग ती होडी कुणीही न्यावी."

"अण्णांना सांगितलंत?"

"त्याला सांगितलं तर तो डॉक्टरवर संशय घेईल."

अण्णा आल्यावर मी ते सांगून टाकलं. त्यांनी दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली, मापक काढलं, पण त्या दिवशी ते दुधात घालायचं विसरले.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. तो आधीच सांगायला हवा होता, पण चांगलं वागल्याच्या गोष्टी माणूस आधी सांगतो.

तो उन्हाळा पाण्याच्या टंचाईचा होता. बोअरवेल कोरडी, टँकर तीन-तीन दिवस नाही, पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे निळे कॅनही मिळेनात. ऑफिसातले लोक पुण्या-नागपूरला घरून काम करायला पळाले. आणि मी एका सकाळी खाली आले तर जिन्याखाली, गोणपाटाआड, चार निळे कॅन. भरलेले. आदल्या दिवशीच अण्णा मला तोंड पाडून म्हणाले होते, "पाणी नाही हो बाई, थेंब नाही." मी मनात म्हटलं, अस्सं! जगाच्या दुधात काठ्या घालता आणि स्वतः साठेबाजी करता. इतक्या दिवसांचा संशय खरा ठरल्याचा मला चक्क आनंद झाला. ते बँकेत गेले होते. मी एक कॅन उचलला आणि धापा टाकत वर नेला.

अर्धा टाकला पाणी गाळायच्या मशिनमध्ये. थोड्यात वरण-भात लावला. थोड्याचा चहा. चहाचा पहिला घोट मी खिडकीतून बाहेर थुंकले. दूध फाटलं होतं आणि जिभेवर नुसतं मीठ. वरण तर बोलायची सोय नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. तुकडा भिजवायला कारवारहून बसच्या टपावरून येतं, असं अण्णांनी एकदा सांगितलं होतं, ते समुद्राचं पाणी हेच. ते ठेवायला निळे कॅनच का? कारण ताकास तूर लागू द्यायचा नाही हा अण्णांचा बाणा. समुद्राचं पाणी म्हणून लिहिलं तर कुणीतरी मासे पाळायला मागेल, असं त्यांनी नंतर मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

मी इंजिनीअर आहे. घाबरले तरी हिशेबाने घाबरते. कॅनमधलं उरलेलं मी ओतून दिलं होतं आणि मशिन धुण्यात घरातलं उरलंसुरलं पाणीही गेलं होतं. दुसऱ्या दिवशी टँकर आला, मी नेटवर पाहिलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाऊण किलोच्या जरा आत मीठ तोललं, वीस लिटर पाण्यात ढवळलं, झाकण घट्ट लावलं आणि कॅन जागच्या जागी नेऊन ठेवला. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी खाल्लेलं मीठ निदान परत केलं होतं. आयोडीनसकट.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी तुकडा भिजत घातला. चार कॅनपैकी नेमका माझाच कॅन त्यांनी उचलला. मी जिन्यात उभी होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं, माझ्या मनात तर भर दुपार झाली होती. त्यांनी काचेच्या मोठ्या बरणीत पाणी ओतलं, नेहमीप्रमाणे बोट बुडवून जिभेला लावलं. जिन्याकडे पाहिलं.

"जेवलात काय?"

"हो."

"सरी," म्हणाले, म्हणजे कन्नडात ठीक, आणि तुकडा पाण्यात सोडला.

मी सुटकेचा श्वास टाकला. तेव्हा मला ती नुसती एका म्हाताऱ्याची लहर वाटत होती. कारवारकरांचा तो फोन त्यानंतर आला, आणि मग ती बरणी मला रोज येता-जाता दिसू लागली. त्या पाण्यात काय ठरायचं होतं ते आता मला माहीत होतं. सांगावं तर परीक्षा रद्द, म्हणजे आणखी एक वर्ष, म्हणजे कारवारकरांचे डोळे. न सांगावं तर, आणि तुकडा खोटा असला तर, पुन्हा डोलकाठी. मी स्वतःची समजूत घालायचे, की अण्णा काही पास करत नाहीत. बारा वर्षांत केला नाही तो आता काय करणार? स्वल्प संशय आहे म्हणतील आणि माझं पाणी झाकलेलं राहील. त्यांच्या संशयावर माझा इतका भरवसा होता.

ऑगस्टमध्ये त्यांनी तुकडा बाहेर काढला. उत्तरेच्या खिडकीत नेला, कारण त्यांच्या मते उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही. कानसेने एक कोपरा खरवडला, भिंग लावलं, दुसरा खरवडला. बराच वेळ गेला. मग भिंग खिशात ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "पास."

मी म्हटलं, "काय?"

"पास म्हटलं. फोन लावा त्याला."

फोनवर कारवारकरांनी आधी नाक ओढलं. मग म्हणाले, "दसऱ्यानंतर ये. वारं चांगलं असतं." अण्णा म्हणाले, "ठाऊक हाय."

त्यानंतरचे दोन महिने मी धड झोपले नाही असं म्हटलं तर खोटं होईल. झोपले, पण उठल्यावर आधी तेच आठवायचं. मध्ये एकदा मी आडून विचारलंही, "अण्णा, समजा परीक्षेचं पाणीच बरोबर नसलं तर?" ते स्क्रूला मेण लावत होते. म्हणाले, "मग ती परीक्षाच नाही की." आणि दुसरा स्क्रू घेतला.

निघायच्या दिवशी दुपारी टेम्पो दारात आला. पेटी उचलायला दोघे हमाल आले. अण्णा पेटीला दोरी बांधत होते आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अण्णा, थांबा. त्या बरणीतलं पाणी कारवारचं नव्हतं. मी केलं होतं ते. मिठाचं. तुमचा कॅन मी चोरला होता."

ते गाठ मारत राहिले. "ठाऊक हाय की."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. समुद्राचं पाणी आधी खारट लागतंय आणि मागनं कडू. तुमचं नुसतं खारट होतं. आमटीसारखं." मग पुढची गाठ घेत, "आणि कॅनच्या बाजूला, बुडापाशी खूण असतीय माझी. ती मी नेहमी माझ्याकडं करून ठेवतो. तुम्ही भिंतीकडं केली."

"म्हणून मुद्दाम तोच कॅन उचललात?"

"मग? खरे तीन तसेच शिल्लक हायत अजून."

"आणि तरी पास केलात?" मला आता घामाबरोबर रागही येत होता. "ज्या माणसाने माझ्या आईच्या अन्नपूर्णेला कानस लावली, त्याने?"

ते पेटीवर बसले. हमालांना हाताने थांबा म्हणाले. मी त्यांना असं कामाच्या मध्ये बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, तो तुकडा दर वर्षी पास होतोय. बारा वर्षं. खऱ्या पाण्यात, भिंगाखाली, एक ठिपका नाही. मीच सही करत नव्हतो."

"का?"

"एकदा केली होती म्हणून."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खऱ्या पाण्यात पास केला असता आणि तिथं जाऊन मोडला असता, तर परत मी एकटाच. यंदा पाणी तुझं होतं. आता मोडला तर दोघांचं."

इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा अगं-तूगं केलं, ते असं. मला रडू यायला हवं होतं, पण मी भडकले. "म्हणजे मला अडकवलंत तुम्ही! चार महिने मी जळत होते आणि तुम्ही मजा बघत होता!"

"पाणी कुणी चोरलं होतं?"

ते उठले आणि गाठ ओढून बघत म्हणाले, "चल. एक जागा हाय. पोहता येतंय काय?"

"नाही."

"मला पण नाही. पण बसायचं. सही केलीय आपण."

मी ऑफिसला तब्येत बरी नसल्याचा मेल टाकला, जो त्या क्षणी अगदीच खोटा नव्हता, आणि टेम्पोत बसले. आता मी बेंगळुरूतच एचएसआर भागात राहते, मालक एक कंपनी आहे, तिने मला काहीही न विचारता घर दिलं. अजून मला त्या न विचारण्याचीच धास्ती वाटते.

कारवारला तीन दिवस अण्णांनी एकेक फडकं सोडून एकेक तुकडा जागच्या जागी बसवला. कारवारकर बुटके, गोल, टोपीवाले गृहस्थ निघाले. ते बोटांनी चाचपून प्रत्येक खुंट ओळखत होते आणि "आलास काय रे" म्हणत होते, माणसाला म्हणावं तसं. डावा तुकडा शेवटी बसला. तारा ताणल्या तेव्हा तो किंचित कुरकुरला. अण्णांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात गेली. शीड वाऱ्याने भरलं, होडी एका अंगावर कलली, डावी तार वीणेसारखी ताठ झाली. कारवारकर सुकाणूवर होते. टोपी मागे सरकवून, समोरच्या त्यांच्या वाट्याच्या त्या नळीएवढ्या उजेडात बघत, ते सांगत होते, ते बघा दीपगृह, तिथे पाणी हिरवं होतंय, ती पांढऱ्या पक्ष्यांची ओळ बघा, ते बेट बघा, बारा वर्षांत झाडी वाढलीय.

"बघताय ना रे दोघं?"

"हो हो," अण्णा म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

अण्णांचा उजवा हात त्या तुकड्यावर होता. माझा डावा हात त्यांच्या हाताशेजारी. दोघांच्याही नजरा त्या वीतभर ब्राँझवर, खालच्या पेचावर, जिथे मेणाची चकाकी होती आणि लाल ठिपका नव्हता, आता नव्हता, अजूनही नव्हता. कारवारकर आमच्याकडे न बघताच हसले. "आधी एक होता," म्हणाले, "आता दोन झाले."

दोन तासांनी आम्ही परत आलो. काही मोडलं नाही. पुढे ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, समुद्र कसा होता, आणि मला धड सांगता येईना. त्या दिवशी होडीत चांगले डोळे असलेली दोन माणसं होती, पण समुद्र एकट्या कारवारकरांनीच पाहिला.